पाय टेकायचा नाही

हेल्मेट काढून ठेवा. मनगटावरचं ते घड्याळ, जे सायकल चालवताना तुमच्या काळजाचे ठोके मोजतं, तेही. जेलची पाकिटं, मिठाच्या गोळ्या, गॉगल, गादी लावलेली चड्डी, सगळं इथंच राहू द्या. परत आल्यावर मिळेल. आपल्याला लातूरला जायचंय, १९७४ च्या मे महिन्यात. तिथं तुम्हाला एक मळखाऊ पाटलोण, बाह्या कापलेला शर्ट आणि डोक्याला बांधायला ओलं उपरणं मिळणार आहे. सायकलही मिळेल. गिअर मात्र मागू नका.

तुम्ही लांब पल्ल्याचे गडी आहात, हे मला ठाऊक आहे. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत, सहाशेची चाळीस तासांत. मागं गाडी नाही, मदतनीस नाही, पंक्चर आपलं आपण काढायचं, पाणी आपलं आपण शोधायचं. पुढच्या वर्षी राजस्थानातल्या वाळूत जाऊन हेच करायचा बेतही असेल. जरूर करा. पण त्याआधी ही एक सवारी होऊन जाऊ द्या. सात दिवस, सात रात्री, न थांबता, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात. अंतर भरपूर आहे. फक्त रस्ता नाही.

लातूर आलं हे नाकाला आधी कळतं. गुळाचा गोड, जरा आंबूस वास. त्यावर कुणीतरी मिरचीचं पोतं उलटं केल्याचा ठसका. तेलाच्या घाण्यावरून येणारी करडई. आणि या सगळ्याच्या बुडाशी तागाची पोती नि बैलांचं शेण. शिंक येईल. येऊ द्या, इथं सगळेच शिंकतात. तुम्ही गंजगोलाईत उभे आहात. १९१७ साली बांधलेली ही गोल दुमजली बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं देऊळ आणि तिथून फुटलेले सोळा रस्ते. कुठं सोनं, कुठं जोडे, कुठं मिरची, कुठं गूळ. हमाल पाठीवर पोतं घेऊन, मान खाली घालून, ‘सरका, सरका’ करत थेट तुमच्या अंगावर येतात. सरका. क्विंटलभर तुरीपुढं तुमचा काही पाड लागायचा नाही. गाव अजून तालुक्याचं आहे, जिल्हा उस्मानाबाद. क्लासेसच्या पाट्या नाहीत, गुणवंतांचे फ्लेक्स नाहीत, ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द अजून कुणाच्या तोंडी नाहीत.

ऊन वरून पडतं अशी तुमची समजूत असेल. इथं ते खालूनही येतं. चपलेतून तळव्यापर्यंत, तिथून पोटऱ्यांपर्यंत. दुकानांच्या पायऱ्यांवर बसायला गेलात तर उठाल.

एका रस्त्यानं गोलाईबाहेर पडलात की कर्णा ऐकू येतो. आधी घरघर, मग शिट्टी, मग सिनेमाचं एक गाणं अर्ध्यातच तोडून माणसाचा आवाज: ‘आइये, आइये! बगा मायबाप हो, सात दिवस, सात राती, मास्टर सायकलवरून उतरणार न्हाई, पाय टेकणार न्हाई! न्हाणं सायकलवर, खाणं सायकलवर, झोपणं बी सायकलवर!’ पोरं धावत सुटलीत. बायका पदर डोक्यावर ओढून कडेकडेनं निघाल्यात. हा मास्टर कोण, असं शेजारच्याला विचारू नका. तो तुम्ही आहात.

हा खेळ तुमच्या आजी-आजोबांनी पाहिलाय. विचारून बघा, ‘नॉनस्टॉप सायकल’ एवढं म्हटलं की त्यांचे डोळे चमकतील. मुंबईत दूरदर्शन सुरू होऊन अजून दोन वर्षंही झालेली नाहीत. मराठवाड्यातल्या गावांना करमणूक येते ती पायी, बैलगाडीनं किंवा सायकलवर. तमाशाचा फड, तंबूतला सिनेमा, डोंबाऱ्याची दोरी आणि हा सायकलवाला. येतो, एखादं पटांगण मागून घेतो, गोल आखतो आणि फिरत राहतो. लोक बघतात. एवढंच. एखादा माणूस न थांबता काही करतोय, हे बघायला गाव आठवडाभर येत राहतं, याचं आज नवल वाटतं. पण मग तुम्ही रात्री दोन वाजता मोबाइलवर कुणाच्या तरी सायकलीचा सरकता ठिपका बघत बसता, ते काय असतं?

पटांगणाच्या मधोमध बांबू रोवलाय. टोकाला कर्णा, बुंध्याशी अँप्लिफायर आणि तबकड्या वाजवायचं यंत्र, दोन्ही भाड्यानं. भोवती चुन्याचा गोल. गोलाच्या कडेला एक जुनं लिंबाचं झाड; त्याच्याशी तुमची पुष्कळ ओळख होणार आहे. सायकल काळी, उंच, सळईच्या ब्रेकची. मडगार्ड नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. कॅरिअर तेवढा ठेवलाय. चामड्याची सीट वापरून वापरून मधे खोलगट झालेली. हँडलच्या मुठींना चिंध्या गुंडाळल्यात, कशासाठी ते बारा वाजता कळेल. तुमची स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता या गावात हीच.

गावातला एक वजनदार माणूस नारळ फोडतो. पाण्याचे चार थेंब पुढच्या चाकावर पडतात आणि पडल्या पडल्या वाळतात. तुमचा जोडीदार सीटला धक्का देतो. तोच माईकवाला, तोच विदूषक, तोच खजिनदार, आणि चौथ्या दिवशी छातीवर दगड ठेवून घणानं फोडून घेणारही तोच. डावा पाय जमिनीवरून उचलला जातो. सोमवार आहे. आता तो पुढच्या सोमवारी खाली यायचा.

हिशोब आवडत असेल तर घ्या. गोल साधारण सव्वाशे मीटरचा, मिनिटाला एक फेरी. तासाला साडेसात किलोमीटर. गाडी चुकत असलेला माणूस याच वेगानं स्टँडकडं चालतो. पण तो रात्री झोपतो. तुम्ही झोपणार नाही, म्हणून दिवसाला एकशेऐंशी किलोमीटर, सात दिवसांत बाराशे साठ. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची ती १८९१ पासूनची सवारी, जिचं नाव काढलं तरी तुमच्या मंडळींचा आवाज हळवा होतो, ती बाराशेची. तुमचं साठ किलोमीटर जास्त भरेल. आणि सातव्या दिवशी तुम्ही ह्याच लिंबाखाली असाल.

पहिला दिवस मजेत जातो. तुम्ही हात सोडून चालवता, हँडलवर पाय ठेवून चालवता, उलटं बसून चालवता. पोरांनी जमिनीवर टाकलेला रुमाल वाकून दातांनी उचलता, टाळ्या पडतात. नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारणारा एक बारका पोरगा गोलाबाहेरून तुमच्यासोबत फेऱ्या घालतो, चुलत्याची सायकल पळवून आणलेला. त्याच्या लेखी आज जगात तुमच्याहून मोठा कुणी नाही. आनंद घ्या, तिसऱ्या दिवशी तो कंटाळेल.

खरी अडचण वेगाची. हळू चालवणं अवघड. चाक सतत डावीकडं पडू बघतं, हँडल सतत आवरावं लागतं. सगळी वळणं डावी. दुसऱ्या दिवशी डावा खांदा उजव्याहून खाली आलेला असतो, डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालेलं असतं. तळहातातून जाणारी एक नस मुठीच्या दाबानं चेपते. हे तुम्हाला लांबच्या सवाऱ्यांमुळं माहीत आहे. इथं उपाय एकच, मूठ बदलत राहा. सीटच्या घर्षणावर खोबरेल तेल. तेही संपतं.

आणि मग बारा वाजतात.

तुम्ही उन्हात पुष्कळ सायकल चालवलीय, पण वेगात. पंचविसाच्या वेगाला स्वतःचा वारा मिळतो, घाम उडतो, अंग निवतं. साडेसाताच्या वेगाला वारा मिळत नाही. जो येतो तो मैदानावरून भाजून आलेला, अंगाच्या कातडीपेक्षा गरम. तो लागला की बरं वाटण्याऐवजी आणखी तापायला होतं. घाम येतो पण दिसत नाही, हवा इतकी कोरडी. शर्टावर मिठाच्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उमटतात. हँडलच्या लोखंडाला बोट लागलं की चिंध्यांचं प्रयोजन कळतं. ओठांना मुरमाच्या धुळीची चव.

गर्दी विरघळते. पोरांना आयांनी हाका मारून घरात ओढलंय. जोडीदार बांबूच्या पायथ्याशी अंगाचं मुटकुळं करून पडलाय, कर्णा गप्प. बाजारात शटर अर्धी खाली. साऱ्या लातुरात हलणारं म्हणाल तर तुम्ही, आणि सावलीसोबत जागा बदलणारं एक कुत्रं. लिंबाची सावली गोलाच्या सहाव्या हिश्श्यावर पडते. म्हणजे मिनिटात दहा सेकंद सावली, पन्नास सेकंद ऊन. तुम्ही सावलीत शिरताना पायडल हळू करता, बाहेर पडताना जोर लावता. दहाचे बारा सेकंद होतात. ही तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कमाई वाटू लागते. सावली मात्र जागेवर राहत नाही. एक वाजता ती देवळाच्या बाजूला होती, तीनला बांबूकडं सरकली. दर फेरीला थोडी पुढं सापडते. घड्याळ नसलेल्या माणसाला याहून जास्त घड्याळ लागत नाही.

पाणी कोण देतं? जोडीदार झोपलाय. पहिल्या दुपारी तुम्हाला वाटतं, संपलो. मग शेजारच्या घरातून एक बाई येते, हातात पितळी तांब्या. गोलाच्या कडेला उभी राहते आणि तुम्ही जवळ आलात की चार पावलं सोबत धावते. तुम्ही एका हातानं तांब्या घेता, फेरी मारता मारता पिता, पुढच्या खेपेला रिकामा परत करता. लिंबू, मीठ, साखर. तिला कुणी शिकवलेलं नाही. तीनच वर्षांपूर्वी बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले आहेत, आणि जगातल्या मोठमोठ्या दवाखान्यांना ते अजून पुरतं पटलेलं नाही. लातुरातल्या या बाईला पटलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी ताक येतं. तिसऱ्या दिवशी आंबील, आणि केळीच्या पानात गुंडाळलेले दोन धपाटे, त्यात लसणाची चटणी इतकी की डोळ्यांतून पाणी. सायकलवर जेवायला बघ्यांची गर्दी असते. पलीकडच्या मोहल्ल्यातला एक पोरगा ओरडतो, ‘मास्टर, पानी होना क्या?’ तुम्ही नक्को म्हणता, तरी आणतो. तुमच्या आजकालच्या सवाऱ्यांमध्ये कुणाकडून असं काही घेतलं तर नियमाचा प्रश्न निघतो, इतरांना न मिळणारी मदत घेतली म्हणून कागद रंगतात. इथं नियम एकच आहे आणि तो पायाचा आहे. पोटाचं गाव बघतं.

पाणी मोजून वापरतात मात्र. आडावर पोहरा खाली आपटल्याचा आवाज येतो, भरल्याचा येत नाही. तुम्ही २०२० नंतरच्या जगातून आलात, तेव्हा मोह होईल सांगायचा, की बेचाळीस वर्षांनी, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून या गावाला रेल्वेनं पाणी येईल, पन्नास-पन्नास हजार लिटरच्या वाघिणी भरून. सांगू नका. उन्हानं मास्टरचं डोकं फिरलं म्हणतील आणि खेळ बंद पाडतील.

सकाळची अंघोळ बघायला मात्र दुपारच्या दुप्पट लोक. कॅरिअरवर बादली, तांब्या एका हातात, डोक्यावर पाणी, मग साबण. डोळ्यांत फेस गेला की गोल सुटतो आणि पोरं किंचाळत मागं सरतात. दाढीसुद्धा करता तुम्ही, आरसा जोडीदारानं धरलेला, तो उलटा चालतोय. आणि उरलेल्या विधींचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात मघापासून आहे. तो सगळ्यांच्याच मनात असतो. गावातल्या पोरांकडं त्याची तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि ती तिन्ही एकदम ओरडून सांगतात.

संध्याकाळी गाव परत येतं. गॅसबत्त्या पेटतात, त्यांचा सूंऽऽ आवाज, रॉकेलचा वास, भोवती पाखरांचा थर. शेंगदाणेवाला, बर्फाचा गोळा, विड्या. बायकांची बाजू वेगळी, बाप्यांची वेगळी. बाईच्या वेषातला एक पोरगा रेकॉर्डवर नाचतो आणि त्याला तुमच्याहून जास्त पैसे मिळतात. वाईट वाटून घेऊ नका. तुमचेही येतात. एकजण गोलात शिरतो, धावत धावत सोबत येतो आणि शर्टाला टाचणीनं दोन रुपयांची नोट लावतो. लगेच कर्णा गरजतो: ‘गंजातल्या आडत दुकानाकडून मास्टरला दोन रुपये, दोन रुपये!’ नाव दुकानाचं होतं, नोट तुमच्या छातीवर फडफडते. दुसरा आडत्या बसल्या जागी चुळबुळतो. थोड्या वेळानं पाच येतात. खजिनदाराला हे शास्त्र चांगलं माहीत आहे. तो पहिल्याचं नाव दुसऱ्याच्या कानाशी नेऊन मोठ्यांदा घेतो. गरिबांचे दहा पैसे थेट चादरीवर पडतात, नागमोडी कडांचं हलकं अल्युमिनियम, पडताना आवाजही होत नाही.

एक म्हातारी रोज येते. तिच्या बोटांची नखं चेपलेली, अंगठ्यावर जुना घट्टा. दुष्काळात खडी फोडली तिनं, सबंध घरानं फोडली. कामावर सुकडी खाल्ली, घरी रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापल्या, ज्या तव्यावरच तुटायच्या. बराच वेळ ती तुमच्या फेऱ्या बघते. मग न राहवून म्हणते, ‘कामून फिरायलास रं लेकरा हितंच? दुस्काळात एवढे रस्ते केले की आम्ही. त्याच्यावरनं चालव की.’

लोक हसतात. तुम्हीही हसता. उत्तर काय देणार?

रस्त्यावरनं चालवणारेही होऊन गेलेत तसे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या सहा पारशी तरुणांनी सायकली काढल्या आणि जगाच्या फेरीला निघाले. सोबत नकाशे, होकायंत्र, औषधं, दुरुस्तीचं सामान. मागं गाडीबिडी काही नाही. इराण, इराक, सिरियाचं वाळवंट, सिनाई. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ च्या मार्चात मुंबईला परत पोचले तेव्हा सत्तर हजारांवर किलोमीटर झाले होते. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. तुमच्यावर कुणी पुस्तक लिहिणार नाही. पण त्यांना निदान रोज निराळं झाड तरी दिसलं, असं तुम्हाला तिसऱ्या दुपारी वाटून जातं आणि तुम्ही लिंबाकडं बघायचं टाळता.

चौथ्या दिवशी काटा. बाभळीचा, बैलगाडीच्या धावेला चिकटून आलेला. मागच्या चाकातून फुस्स होतं आणि सायकल चिखलात चालल्यागत जड होते. पाय टेकायचा नाही आणि पंक्चर काढायचंय. माईकवाल्याला हे वरदान. तो गाव गोळा करतो. भाड्याच्या सायकलींच्या दुकानातला पोरगा दुसरी सायकल घेऊन उजव्या बाजूनं धावत येतो. तुम्ही तिच्या हँडलवर एक हात टाकता. दोन्ही सायकली शेजारी, तो धावतोय, तुम्ही एक पाय उचलून पलीकडच्या पायडलवर. मधल्या क्षणी दोन्ही चाकं दोन दिशांना निघतात आणि तुमच्या मांड्यांच्या मधे सारं लातूर श्वास रोखून उभं असतं. मग दुसरा पाय येतो. जुनी सायकल मागं कोसळते. इतकी मोठी ओरड होते की गोलाईतले लोक धावत येतात. त्या संध्याकाळचा गल्ला सर्वांत मोठा. जोडीदाराच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं त्यावरून तुम्हाला शंका येते, काटा खरंच बैलगाडीनंच आणला होता ना.

दिवस निघतात हो. रात्रीचं काय करायचं?

बारा वाजता शेवटची तबकडी. गॅसबत्ती एकच ठेवतात, रॉकेल महाग. लोक घरोघर, काही तिथंच पासोड्या टाकून. हवा थंड होते आणि हेच घातक, कारण अंगाला पाच दिवसांत प्रथमच बरं वाटतं. पापण्या मिटतात. पाय आपापले फिरत राहतात; चाक चुन्याच्या रेघेवर गेलं की खडखडतं, तुम्ही दचकता. झोपेशी असं भांडणारे तुम्ही पहिले नाही. सहा दिवसांच्या सायकल शर्यती न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १८९१ पासून होत; सातवा दिवस रविवार, देवाचा, म्हणून सहा. छपराखाली, लाकडी गोलावर, एकेकटे. १८९६ च्या शर्यतीत मेजर टेलर हा अठरा वर्षांचा काळा पोरगा होता, पुढं जगज्जेता झालेला. सुरी घेतलेला माणूस आपल्या मागं लागलाय असं त्याला दिसू लागलं होतं. लोक तेही तिकीट काढून बघत. शेवटी १८९८ साली तिथं कायदा झाला, एका माणसाला दिवसात बारा तासांहून जास्त शर्यतीत पळवायचं नाही. मग दोघादोघांच्या जोड्या लावून खेळ चालू ठेवला.

लातुरात कायदा नाही. तुम्हाला सुरीवाला दिसत नाही. तुम्हाला दिसतं की तुम्ही उभे आहात आणि पटांगण फिरतंय. लिंबाचं झाड गरागरा येतं, जातं. बांबूखाली कुणीतरी तुमच्या आईच्या आवाजात तुमचं नाव घेतं. बंद कर्ण्यातून भाव पुकारतात, तूर, मूग, उडीद.

‘मास्तर.’

हा खरा आवाज. गोलाच्या कडेला पोत्यावर एक हमाल बसलाय, गंजातला, विडी ओढतोय. तुम्ही त्याच्यासमोरून जाता. पुढचं वाक्य पुढच्या फेरीला.

‘झोप लागली व्हय?’

‘न्हाई.’

‘ठेव की पाय घडीभर. समदे झोपलेत.’

एक फेरी. चेनीचा करकर आवाज.

‘तुम्ही बघायलाव की.’

‘मी कुटं बघायलाव?’ असं म्हणून तो खरंच तोंड फिरवतो आणि आभाळाकडं धूर सोडत बसतो. दिवसभर त्यानं गाडीपासून दुकानापर्यंत पोती वाहिलीत, त्याच चाळीस पावलांत. पहाटे पुन्हा तेच. त्याला तुमच्या सवारीतलं जेवढं कळतं तेवढं दिवसा टाळ्या वाजवणाऱ्या कुणाला कळलं नसेल.

आता तुमच्यासमोर आहे काय ते बघा. अर्धा फूट खाली मुरमाची गार जमीन. कुणी पाहत नाही. जो पाहत होता त्यानं परवानगी दिलीय. तुम्ही पाय टेकलात की नाही, हे मी लिहिणार नाही. मी पण तेव्हा दुसरीकडं बघत होतो.

सहावा दिवस आठवणीत राहत नाही, तो सोडून देऊ.

सात दिवस, सात रात्री भरतात. सोमवारी संध्याकाळी सगळं गाव हजर. शर्टावर नोटा, गळ्यात हार, हारातली झेंडू-शेवंती उन्हानं करपलेली. पुन्हा तोच वजनदार माणूस. तो सायकलचं हँडल धरतो, दोघं तुमच्या काखांत हात घालतात आणि उचलून खाली ठेवतात. बँडवाल्यांनी फुकट येऊन वाजवायला घेतलंय. तुम्ही लोकांना नमस्कार करायला सरळ पुढं चालत जाता, आणि जाता डावीकडं. पुन्हा प्रयत्न करता. पुन्हा डावीकडं. लोकांना हा खेळातलाच भाग वाटतो. सगळ्यांत मोठा हशा याला.

रात्री हिशोब. चादरीवर लाल-तांबूस दोनाच्या नोटा, एकाच्या, नागमोडी दहा पैसे, कमळवाले पिवळे वीस पैसे, जे बायका सोन्यासारखे दिसतात म्हणून साठवतात आणि तरी कुणीतरी टाकलेत. कर्णेवाल्याचं भाडं. रॉकेल. नाच्या पोरगा आपला वाटा घेऊन आधीच पसार. सायकलीच्या दुकानदाराशी पंक्चरच्या वेळी घेतलेल्या सायकलीवरून तासभर वाद, मग चहा. उरतं ते दोघांचं पंधरा दिवसांचं जेवण आणि बार्शीची दोन तिकिटं, कारण पुढचा खेळ बार्शीला.

सकाळी स्टेशन. बार्शी लाइटचे ते अडीच फुटी रूळ, त्यावर बुटके डबे, धुरानं काळवंडलेलं इंजिन. डब्यात लाकडी बाकं, कोंबड्या, हंडे, आणि एक म्हातारा जो खिडकीतून हात काढून झाडाची पानं तोडायच्या तयारीत बसलाय. तिकिटाच्या खिडकीवर बाबू तुमच्याकडं बघतो, तुमच्या सायकलीकडं बघतो.

‘सायकलचं लगेज भरावं लागंल.’

तुम्ही रडता, गयावया करता, सात दिवसांची कहाणी सांगता. त्यानं ती रोज संध्याकाळी बघितलीय; एकदा चार आणेही टाकलेत.

‘बार्शीलाच चाललाव न्हवं? शंभरेक किलोमीटर. सायकल हाय की. बसा की तिच्यावर.’

तुम्ही पैसे मोजून खिडकीत सरकवता.

‘नको साहेब,’ म्हणता, ‘लांब पडतं.’